बेडकांची साक्ष

चैत्र पौर्णिमेला धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी भाविक काळ्या रानातून चुनखडीचे खडे वेचतात. भक्ताच्या दृष्टीनं ती देवीची सेवा आहे. भूगोलाच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या खड्यांमध्ये या भागाचं हवामानही साठलेलं आहे. दख्खनचा काळा पाषाण झिजतो, त्यातलं कॅल्शियम मातीत उतरतं. कोकणात धो धो पाऊस ते धुऊन समुद्राला नेतो. इथं बालाघाटच्या पठारावर वर्षाला जेमतेम सात-आठशे मिलिमीटर पाऊस. पाणी थोडं खाली मुरतं, ऊन ते पुन्हा वर ओढून घेतं आणि चुना मातीतच खडे होऊन बसतो. हजारो वर्षांच्या तुटपुंज्या पावसानं हे खडे घडवले आहेत.

याच मातीत, याच चैत्रात, पावसाचा आणखी एक साक्षीदार गाडून घेऊन बसलेला असतो. तो म्हणजे बेडूक.

उन्हाळ्यात काळ्या रानाला हात-हातभर भेगा पडतात. काही बेडूक आणि भेक (खरखरीत कातडीचे बेडूक) या भेगांत, दगडांखाली, आडाच्या कपारीत शिरतात. बिळकरी बेडूक त्यांच्याही पुढे जातो. त्याच्या मागच्या पायाच्या तळव्यावर फावड्याच्या पात्यासारखा टणक उंचवटा असतो. बेडूक तोंड वर ठेवून मागे मागे सरकतो, पाय आळीपाळीनं बाजूला झाडतो आणि बघता बघता मातीत दिसेनासा होतो. खाली गेल्यावर हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावतात, अन्न बंद होतं. मूत्राशयात साठवलेलं पाणी शरीर हळूहळू परत शोषून घेतं. मातीचा ओलावा त्वचेतून आत येतो तोही कामी येतो. असे आठ-नऊ महिने निघतात. जूनमध्ये पाऊस पडून ओल खाली पोचली, की तो वर येतो.

आणि मग एका रात्रीत गाव जागं होतं. परसातल्या डबक्यात, गुरांच्या हाळाशेजारी, रस्त्याकडेच्या चरात, जिथं म्हणून वीतभर पाणी साचलंय तिथून आवाज येऊ लागतो. आपण त्याला सरसकट ‘डराव डराव’ म्हणून मोकळे होतो, पण थोडा वेळ कान देऊन उभं राहिलं तर त्या गोंगाटाचे थर वेगळे करता येतात. सगळ्यात खर्जातला, दमदार आवाज मोठ्या पिवळ्या बेडकाचा. एरवी शेवाळी दिसणारा हा नर या दिवसांत हळदीसारखा पिवळाधमक होतो, आणि ओरडताना गळ्याच्या दोन बाजूंना गडद निळे फुगे फुगतात. भेकाचा आवाज लांबलचक ‘कुर्र्र्र’ असा, न थांबता चालणारा. पाण्यावर तरंगणारे डबक्यातले बेडूक तुटक टिरटिर करतात. आणि ज्याचा आवाज ऐकून केवढा मोठा प्राणी असेल असं वाटावं तो गवताच्या बुडाशी बसलेला चिमुकला बेडूक असतो, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा. टॉर्च घेऊन शोधायला गेलं की तो नेमका गप्प होतो, कारण जमिनीतून येणारी पावलांची कंपनं त्याच्या आतल्या कानाला फार लवकर कळतात.

ओरडतात ते फक्त नर. तोंड आणि नाकपुड्या मिटून ते फुप्फुसातली हवा स्वरयंत्रावरून गळ्याच्या पिशवीत ढकलतात आणि परत आत घेतात. तीच हवा पुन्हा पुन्हा वापरली जाते, म्हणून दम न खाता तासन्‌तास ओरडता येतं. पण या कामाला ताकद प्रचंड लागते, शिवाय आवाजाच्या रोखानं सापही येतात. एवढी जोखीम घ्यायची ती मादीसाठी. प्रत्येक जातीची मादी आपल्याच जातीची हाक ओळखते आणि आवाजावरून नर निवडते.

माणसाला मात्र हा आवाज नेहमीच गोड वाटतो असं नाही. फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातल्या ग्रिन्योल गावी एका घराच्या अंगणातल्या तळ्यात बेडूक फार ओरडतात म्हणून शेजारी कोर्टात गेले, आणि 2016 साली बोर्दोच्या अपील न्यायालयानं तळं बुजवण्याचा आदेश दिला. प्रकरण खूप गाजलं. पुढे जानेवारी 2021 मध्ये फ्रान्सनं ग्रामीण भागातले आवाज आणि वास यांना वारसा मानणारा कायदाच केला. आपल्याकडे बेडकांच्या ओरडण्याला कुणी कोर्टात खेचल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे उलट, बेडूक ओरडला नाही तर माणसं अस्वस्थ होतात.

याची मुळं फार जुनी आहेत. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं 103वं सूक्त मंडूकसूक्त म्हणून ओळखलं जातं. वर्षभर मौन धरून पावसाळ्याच्या आरंभी बोलू लागणाऱ्या बेडकांचं ते वर्णन आहे. पाऊस लांबला की मराठवाड्यातल्या गावांत धोंडी निघायची. अंगाला लिंबाचा पाला गुंडाळलेला पोरगा, काठीला बांधलेला बेडूक आणि घरोघरी त्यांच्यावर ओतलेली पाण्याची घागर. पंचांगातही बेडूक आहेच. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, आलेल्या आकड्याला 9 नं भागायचं आणि बाकीवरून त्या नक्षत्राचं वाहन ठरवायचं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस चांगला, असा संकेत. ‘यंदा मृगाचं वाहन बेडूक आहे’ हे वाक्य आजही पेरणीच्या तोंडावर कानी पडतं आणि माणसं त्यानं धीर धरतात.

त्या धीराबद्दल मला आदर आहे. पण हिशेब म्हणून बघितलं तर हे गणित ढगांकडे, वाऱ्याकडे किंवा समुद्राच्या तापमानाकडे पाहतच नाही. त्याचं उत्तर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीला आणि येरमाळ्याला एकच येतं. पेरणी त्यावर ठरवू नये. खऱ्या बेडकाचंही तसंच. तो ओरडतो तेव्हा हवेत दमटपणा वाढलेला असतो, जमिनीत ओल उतरलेली असते, पाऊस जवळ असतो किंवा नुकताच पडून गेलेला असतो. आत्ताचं हवामान त्याला आपल्यापेक्षा नीट कळतं. पुढच्या महिन्याचं त्याला काहीच कळत नाही. कळलं असतं तर फसव्या पावसावर त्यानं अंडी घातलीच नसती.

इथं बेडकाचं आणि शेतकऱ्याचं दुखणं एक होतं. मृगाचा दमदार पाऊस झाला की शेतकरी सोयाबीन पेरतो. बेडकाची मादी त्याच पावसावर साचलेल्या पाण्यात हजारो अंडी सोडते. दोघांनाही पुढचे चार-सहा आठवडे ओल टिकायला हवी. सोयाबीनच्या रोपाला मुळं धरायला तेवढा वेळ लागतो, बेडूकमाशाला शेपटी गळून पाय फुटायला तेवढाच. मग पाऊस दडी मारतो. शेतकरी कर्ज काढून दुबार पेरणी करतो. डबकं आटतं तेव्हा आधी कडेला चिखल दिसू लागतो, पाणी मधोमध गोळा होतं, काळे बेडूकमासे त्यात दाटीनं वळवळतात. शेवटी म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात उरलेल्या ओंजळभर पाण्यात त्यांचा थर जमतो आणि दुपारपर्यंत तो वाळतो. बगळे आणि कावळे उरलेलं काम करतात. त्या वर्षाची पिढी गेली.

निसर्गानं यावर तोड काढलेली आहे, पण ती अपुरी आहे. अमेरिकेतल्या वाळवंटी भेकांवर रॉबर्ट डेन्वर यांनी केलेल्या कामातून दिसलं, की पाणी आटू लागलं की बेडूकमाशाच्या मेंदूतून ताणाचं संप्रेरक सुटतं आणि तो रूपांतर घाईनं उरकतो. जीव वाचतो, पण पिल्लू आकारानं लहान राहतं. अशा पिल्लाला पुढचा उन्हाळा मातीखाली काढणं जड जातं.

आता प्रश्न येतो तो हा, की पावसाच्या या ताणाला हवामान बदल म्हणायचं का? या प्रश्नावर पारावर, एसटीत आणि दूरदर्शनच्या चर्चेत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘दुष्काळ काय आजचा आहे? बहात्तरला काय झालं होतं?’ दुसरा पाऊस पडला तरी, न पडला तरी आणि बेडूक दिसला नाही तरी, बोट हवामान बदलाकडेच दाखवतो. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात.

1972 चा दुष्काळ खराच होता आणि मराठवाड्याचा पाऊस पहिल्यापासून लहरी आहे, हेही खरं. चुनखडीचे खडे तेच सांगतात. म्हणून एखाद्या वर्षाच्या दुष्काळावरून काहीच सिद्ध होत नाही. बघायचं ते अनेक दशकांचं. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयानं 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसनं वाढलं. 1951 ते 1980 च्या तुलनेत 1981 ते 2011 या काळात पावसाळ्यातले कोरडे खंड 27 टक्क्यांनी वाढले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिप्पट झाल्या. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. बाष्प साठायला वेळ लागतो, म्हणून मधले खंड लांबतात. पडतो तेव्हा मात्र एकदम कोसळतो.

धाराशिव आणि आसपासच्या भागानं ही दोन्ही टोकं दहा वर्षांच्या आत पाहिली. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला 10 टाक्या होत्या आणि त्यात 5 लाख लिटर पाणी होतं. सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यात परंडा तालुक्यातली माणसं पुरात अडकली आणि त्यांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढलं. बेडकाला पाणी हवं, म्हणून पुराचा त्याला फायदाच, असं वाटेल. पण ओढा फुगला की अंड्यांचे पुंजके आणि बेडूकमासे वाहून जातात. साचलेलं, संथ, महिना-दीड महिना टिकणारं उथळ पाणी हीच त्याची गरज, आणि नेमकं तेच आता बेभरवशाचं झालं आहे.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. बेडूक कमी झाले म्हणजे हवामान बदललं, हा निष्कर्ष इतका सहज काढता येत नाही. मोठ्या पिवळ्या बेडकाच्या तंगड्या भारतातून वर्षाला हजारो टन परदेशी जात होत्या. 1987 साली ही निर्यात बंद झाली. त्या काळात जे बेडूक संपले ते माणसाच्या सुरीनं संपले. शेतातली औषधफवारणी आहे, बुजवलेली डबकी आणि सिमेंटनं बांधलेले नाले आहेत. येरमाळ्यातून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. पहिल्या पावसाच्या रात्री रस्ता ओलांडणाऱ्या बेडकांचं अशा रस्त्यांवर काय होतं ते सकाळी डांबरावर दिसतं. शेततळ्यांचाही इथं विचार करायला हवा. महाराष्ट्रात 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनं गावोगावी तळी झाली, आणि पाणी मुरू नये म्हणून अनेकांत प्लास्टिकचा कागद अंथरला गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण त्या गुळगुळीत, उभ्या उतारावरून आत पडलेला भेक किंवा छोटा बेडूक वर चढू शकत नाही. कोपऱ्यात एक जुनं पोतं, काथ्याचा जाड दोर किंवा बाभळीची फांदी पाण्यापर्यंत सोडून ठेवली तर तो बाहेर येतो. बाभळीच्या काट्यानं कागद फाटण्याची भीती असेल तर पोतंच बरं.

दोष कुणाचा हे ठरवणं किती अवघड असतं, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोस्टा रिका देशातल्या मॉन्टेव्हर्देच्या ढगांनी वेढलेल्या जंगलातलं आहे. तिथला सोनेरी भेक जगात दुसरीकडे कुठंच नव्हता. 1987 मध्ये अभ्यासकांना दीड हजारांवर भेक दिसले. पुढच्या वर्षी मोजून दहा-अकरा, आणि 1989 मध्ये एकच नर. त्यानंतर तो कुणालाही दिसला नाही. अ‍ॅलन पाउंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 आणि 2006 मध्ये ‘नेचर’ मासिकात याचा संबंध तापमानवाढीशी जोडला. 2010 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी झाडांच्या लाकडातून जुन्या ओलाव्याचा माग काढला आणि म्हटलं, की त्या वेळचा दुष्काळ एल निन्यो या समुद्राच्या तापमानाच्या चक्रामुळे आलेला होता, दीर्घ तापमानवाढीचा तो पुरावा नाही. तिसरा आरोपी होता त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी. बेडूक त्वचेतून श्वास आणि क्षार घेतात, त्यामुळे ही बुरशी त्यांना थेट मारते. 2019 च्या एका जागतिक आढाव्यात तिच्यामुळे 501 जातींची संख्या घटल्याचं आणि 90 जाती नामशेष झाल्याचं नोंदलं गेलं.

म्हणजे वाद झाला, आणि चांगला झाला. प्रत्येकानं पुरावा मांडला, दुसऱ्यानं तो तपासला. अशा वादातूनच पुढचं चित्र स्पष्ट होत गेलं. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये 8,011 उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 41 टक्के जाती धोक्यात आहेत. 2004 नंतर ज्या जातींची अवस्था बिघडली, त्यांतल्या 39 टक्क्यांमागे हवामान बदल हे प्रमुख कारण आढळलं. एका भेकाच्या मृत्यूचा खटला निकाली निघाला नाही तरी हजारो जातींची दिशा आता पुरेशी दिसते आहे.

या वादात बेडकावर एक अन्यायही झालेला आहे. थंड पाण्यात ठेवलेला बेडूक, पाणी हळूहळू तापवलं तर न कळता शिजून मरतो, ही गोष्ट व्याख्यानांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आपल्यापर्यंत सतत येते. माणसाला तापमानवाढ कळत नाही हे सांगायला ती वापरतात. गोष्ट खोटी आहे. 1869 मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ फ्रिडरिश गोल्ट्झ यांनी असे प्रयोग केले, तेव्हा जो बेडूक पाण्यात बसून राहिला त्याचा मेंदू आधीच काढलेला होता. मेंदू शाबूत असलेला बेडूक पाणी 25 अंशांच्या आसपास पोचताच निसटायची धडपड करू लागला. पोर्टो रिको बेटावरच्या कोकी बेडकांनी तर तापमानवाढ आवाजातून दाखवून दिली. पीटर नारिन्स आणि सेबास्टियान मीन्डरिंक यांनी डोंगरात चढणाऱ्या एकाच रस्त्यालगतची जुनी आणि नवी ध्वनिमुद्रणं ताडून पाहिली. 23 वर्षांत बेडकांची हाक आखूड आणि चढ्या पट्टीची झाली होती. डोंगराच्या एका उंचीवर आता तो आवाज ऐकू येत होता, जो पूर्वी त्याहून खालच्या, अधिक उष्ण भागात येत असे.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावचं उदाहरण, कारण ते कुठल्याही गावाला जमण्यासारखं आहे. तिथले प्राणिशास्त्रज्ञ अल्बर्ट हेझन राइट यांनी 1900 ते 1912 या काळात कोणता बेडूक वसंतात कधी ओरडू लागतो, याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. जेम्स गिब्स आणि अल्विन ब्राइश यांनी त्या तारखा 1990 ते 1999 मधल्या नोंदींशी ताडल्या. सहापैकी चार जाती 10 ते 13 दिवस आधी ओरडू लागल्या होत्या, दोन जागच्या जागी होत्या, आणि उशीर एकीलाही झाला नव्हता. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी 1736 मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. त्यात बेडकांचं ओरडणंही होतं. त्यांच्या घराण्यानं ही वही 1958 पर्यंत चालवली. आज हवामानाचे अभ्यासक तिचा आधार घेतात.

आपल्याकडे पहिल्या पावसाच्या आठवणी घरोघरी आहेत, पण तारखा लिहून ठेवलेल्या फार क्वचित सापडतात. आठवण वादाला पुरत नाही. ‘पूर्वी बेडूक जास्त ओरडायचे’ असं म्हातारी माणसं सांगतात तेव्हा ते खरं असेलही, पण ते मोजता येत नाही. शिवाय आवाज मोठा म्हणजे सगळं बरं, असंही नाही. जूनच्या रात्री डबकं दणाणून गेलं तर नर जिवंत आहेत एवढंच कळतं. त्या डबक्यातून पिल्लं बाहेर पडली का, हे जुलै-ऑगस्टमध्ये कळतं, आणि तेव्हा तिकडे बघायला कुणी जात नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची नोंद तीच आहे.

येरमाळ्यातल्या, बालाघाटावरच्या आणि तुमच्याही गावातल्या वाचकांना म्हणून विनंती आहे. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहितोच. यंदाच्या जूनपासून त्यात तीन नोंदी वाढवा. परसातल्या किंवा शेताजवळच्या एका ठरावीक डबक्यावर बेडूक पहिल्यांदा ओरडले ती तारीख. ते डबकं आटलं ती तारीख. आणि कडेच्या गवतात शेपटी गळालेली, नखाएवढी पिल्लं पहिल्यांदा दिसली ती तारीख. दिसलीच नाहीत तर तेही लिहा. जातीचं नाव आलं नाही तरी चालेल, फोनवर आवाज मुद्रित करून ठेवा. डबकं दरवर्षी तेच असू द्या, आणि वर्ष संपल्यावर कॅलेंडर रद्दीत घालू नका.